गल्लीभर पसरलेलं घर

धुळ्यातलं सगळ्यात मोठं घर कुणाचं, असं मला कुणी विचारलं तर मी कुठल्या गिरणीमालकाचं किंवा पुढाऱ्याचं नाव घेणार नाही. मी आमच्या खोलीमालकीणबाईंचं, म्हणजे अक्कांचं नाव घेईन. दिसायला ते घर फार लहान होतं. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे ओटा आणि मागे माझी खोली, जिच्यात मी आडवा झालो की दार लावायला पाय वर घ्यावे लागत. पण अक्कांचं घड्याळ गल्लीच्या तोंडाशी शिंपी नानांच्या दुकानात टांगलेलं होतं, साखरेचा डबा समोरच्या शेठाणींच्या फडताळात होता, पाटा-वरवंटा पोस्टमनच्या ओसरीत होता, आणि कॅलेंडर मारुतीच्या पुजाऱ्याकडे. ही सगळी अक्कांच्या मालकीची, रोजच्या वापरातली चीजवस्तू. आपण स्वयंपाकघरातून माजघरात जावं तशा अक्का सकाळी पदर खोचून साखरेकडून घड्याळाकडे जायच्या, आणि वाटेत जे भेटेल ते सगळं घरातलंच समजून त्यावर हक्काने बोलायच्या.

मी शिरपूरकडच्या एका खेड्यातून आलेला. आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारा मी पहिला. त्यामुळे कॉलेज म्हणजे काय याची मला जेवढी भीती होती, तेवढीच शहरातल्या माणसांचीही होती. पहिल्याच आठवड्यात अक्का माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "ए शिरपूर, आगपेटी शे का?" (तीन वर्षांत त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली नाही. गावाच्या नावाने मारली.) मी पेटी दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशीही. मला फार वाईट वाटलं. म्हातारी एकटी, विधवा, घरात काडीपेटीसुद्धा नाही, असं मनाशी धरून मी बाजारातून काडेपेट्यांचा अख्खा पुडा आणला आणि त्यांच्या ओट्यावर ठेवला. अक्कांनी पुड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "माले गरीब समजना का रे तू?" त्या म्हणाल्या. मी घाबरून काहीतरी पुटपुटलो. संध्याकाळपर्यंत अक्कांनी तो पुडा फोडून गल्लीतल्या घराघरात एकेक पेटी ठेवायला दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून चूल पेटवायची म्हटलं की आज कुणाच्या पेटीची पाळी आहे यावर ओट्यावर उभं राहून विचार करू लागल्या.

यामागे त्यांचं एक तत्त्व होतं. ते मला पुढे शेठाणींकडून कळलं, कारण अक्का तत्त्वं सांगत नसत, वागत. शेठाणी म्हणजे समोरच्या किराणा दुकानदाराच्या बायको, राजस्थानातून लग्न होऊन धुळ्यात आलेल्या, बोलायला सरळ. त्यांनी एकदा अक्कांना विचारलं होतं, की बाई, साखर घरी का नाही ठेवत? तेव्हा अक्का म्हणाल्या होत्या, "घरमा ठेवी ते मुंग्या येतस. तुन्हाकडे ठेवी ते तू येस." त्यानंतर शेठाणींनी तो विषय काढला नाही. उलट सकाळचा चहा टाकताना त्या एक कप पाणी जास्तच घालत, आणि वर कुरकुरत, "अक्का, तुमची साखर कधीच संपली. आता हा डबा माझा आहे." त्यावर अक्का शांतपणे म्हणत, "डबा तुना, पन जागा मनी." आणि चहा प्यायला बसत.

शिंपी नानांशी त्यांचं भांडण वेळेवरून होतं. नानांच्या दुकानातलं घड्याळ अक्कांच्या लग्नातलं. दिवसातून कितीतरी वेळा अक्का दुकानासमोर उभ्या राहून विचारत, "नाना, किती वाजनात?" घड्याळ त्यांच्या डोळ्यांसमोर असे. नाना मशीनचं चाक हाताने थांबवून मान वर करत, वेळ सांगत, आणि एखाद्या दिवशी वैतागून म्हणत, "अक्का, घड्याळ तुनं शे. घर लई जाय ना एकदाचं!"

"लई जासू," अक्का म्हणत, "पन मंग किती वाजनात ते तू कोनले सांगशी?"

नाना पुन्हा चाक फिरवू लागत. ते विधुर होते. त्यांना दिवसभर वेळ विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी खोलीत राहायला आलो तेव्हा घरातल्या सगळ्या वस्तू आधीच वाटल्या गेल्या होत्या. माझ्या वाट्याला अक्कांचा चष्मा आला. "तू शिकेल शेस," त्या म्हणाल्या, "चष्मा तुन्हाकडे शोभस." तो जाड काचांचा, एक दांडी दोऱ्याने बांधलेला चष्मा माझ्या पुस्तकांशेजारी राहू लागला. अक्कांना वाचता येत नव्हतं. चष्मा लागायचा तो डाळ निवडायला. त्यामुळे दर दोन-चार दिवसांनी सुपात डाळ घेऊन त्या माझ्या खोलीत येत, भिंतीला टेकून पाय लांब करत, आणि मला माझे पाय दाराबाहेर ठेवून अभ्यास करावा लागे. मी मानसशास्त्र घेतलं होतं. का घेतलं, तर प्रवेशाच्या रांगेत माझ्या पुढच्या मुलाने घेतलं होतं. मी पुस्तकातला स्मरणशक्तीचा धडा मोठ्याने घोकत असे आणि अक्का सूप पाखडत मध्येच विचारत, "काय म्हनस ते पुस्तक?" मी सांगे की माणसाची आठवण मेंदूत साठवलेली असते. अक्का एक खडा उचलून बाहेर फेकत आणि म्हणत, "एकाच जागावर? मंग हरपी जाई ना!" मी पुढचं पान उलटत असे.

खरं सांगायचं तर अक्कांची आठवण हरवू लागलीच होती. पण गल्लीत ते कुणाच्या ध्यानात येत नव्हतं, कारण ती हरवायला लागली की कुणीतरी ती उचलून पुन्हा त्यांच्या हातात देई. त्या चहात साखरेऐवजी मीठ घालायला निघाल्या, तर डबा शेठाणींच्या हातात असे. एकादशी विसरल्या तर पुजारी दारातून ओरडे. आपल्या माहेरच्या पुराची गोष्ट त्या सारखी सांगत, आणि प्रत्येक वेळी पुरात काहीतरी वेगळं वाहून जाई. शेठाणी हात कमरेवर ठेवून विचारत, "अक्का, मागच्या वेळी म्हैस वाहिली होती ना? आज बैल कसा झाला?" अक्का क्षणभर थांबत, डोळे बारीक करत, आणि म्हणत, "म्हैसच व्हती. तू ध्यान ठेवस का ते देखी ऱ्हायंतू." मग दोघीही हसत. मला वाटे, ही थट्टा आहे. थट्टाच होती. पण पुढच्या वेळी म्हैसच वाहून जाई.

अक्कांचा मुलगा, आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणू, जळगावला सरकारी कचेरीत होता. अतिशय सज्जन माणूस. आईवर त्यांचा जीव होता, आणि त्यांना सतत वाटे की आईला आपण सुख दिलं नाही. त्यांनी दिवाळीला भिंतीवरचं नवं घड्याळ आणलं. ते पुढच्याच आठवड्यात पोस्टमनकडे गेलं. मिक्सर आणला, तो शेठाणींकडे राहायला गेला. भाऊसाहेब कपाळाला हात लावत. पण त्याच दिवाळीत एक गोष्ट घडली. सूनबाई पाया पडायला वाकल्या, अक्कांनी तोंडभर आशीर्वाद दिला, आणि मग मुलाला हळूच विचारलं, "ही कोननी सून शे रे?"

सूनबाई स्वतःला सावरून हसल्या. भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी आईला जळगावच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, त्यांना एकटं ठेवू नका. मग भाऊसाहेबांनी मला ओट्यावर बसवून समजावलं, जणू माझीच परवानगी हवी होती. "दिवसभर उन्हातान्हात फिरते, याच्याशी बोल, त्याच्याशी बोल. डोक्याला केवढा ताण! आता तिला पूर्ण विश्रांती देणार आहे." त्यांच्या हातात टॉर्च होती, आणि मला वाटलं, हे आईच्या डोक्याला त्यातल्या सेलसारखं समजतायत, जितकं कमी वापरू तितकं जास्त टिकेल. मला आमच्या गावची हापशी आठवली. उन्हाळ्यात गाव कामाला बाहेर गेलं आणि हापशी काही दिवस कुणी मारलीच नाही, की तिच्यातलं पाणी खाली उतरतं. मग वरून तांब्याभर पाणी ओतल्याशिवाय ती बोलत नाही. हे भाऊसाहेबांना सांगावं असं फार वाटलं. पण ते मोठे, शिकलेले. मी म्हटलं, "हो, भाऊ." आणि अक्का जळगावला गेल्या.

त्या गेल्यावर गल्लीचं जे झालं ते पाहून कुणालाही हसू आलं असतं. त्यांच्या वस्तू सगळ्यांच्या घरी तशाच राहिल्या आणि कुणालाही त्या वापरता येईनात. शेठाणी रोज एक कप चहा जास्त करत आणि मग तो कुणाला द्यायचा म्हणून दारात उभ्या राहत. तो बहुतेक वेळा मलाच प्यावा लागे. शिंपी नाना तर मशीन चालवता चालवता अधूनमधून मान वर करून "साडेदहा" असं म्हणत, कुणी विचारलेलं नसताना. एकदा मी रस्त्याने जात होतो, मला वाटलं मलाच म्हणाले, म्हणून मी "बरं" म्हटलं. नाना इतके खूश झाले की त्यांनी माझ्या सदऱ्याचं बटण बसवून दिलं.

आणि चष्मा माझ्याकडे राहिला होता. दोन-तीन महिने तो माझ्या पुस्तकांशेजारी पडून होता. शेवटी शेठाणींनी मला गाठलं. "तू जा रे जळगावला. चष्मा देऊन ये. आणि बघून ये." त्यांनी 'बघून ये' एवढं हळू म्हटलं की मी दुसऱ्याच दिवशी एसटी पकडली.

भाऊसाहेबांचं घर नव्या कॉलनीत होतं. प्रत्येक बंगल्याला कंपाउंड, प्रत्येक कंपाउंडला फाटक, आणि फाटकावर कुत्र्यापासून सावध राहण्याची पाटी. कुत्रा मला एकाही घरी दिसला नाही, माणूसही नाही. घरात भाऊसाहेब नुकतेच जेवायला आले होते. सूनबाई शाळेत शिकवायला गेलेल्या. घर असं होतं की मला चपला कुठे काढाव्यात हेच कळेना. प्रत्येक खोलीत घड्याळ, फ्रिज, साखरेचा काचेचा डबा, स्वयंपाकघरात कॅलेंडर, देवापुढे आणखी एक कॅलेंडर. खिडकीशी खुर्चीवर अक्का बसल्या होत्या. अंगावर स्वच्छ लुगडं, केस नीट विंचरलेले. इतकं नीटनेटकं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना. मी पाया पडलो. त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "गॅसवाला उना वाटस."

"अक्का, मी शिरपूर," मी म्हणालो. "तुना चष्मा लई उनू."

त्यांनी चष्मा घेतला, उलटा-पालटा केला आणि मांडीवर ठेवून दिला. भाऊसाहेब मागे उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "दिवसेंदिवस कमीच होतंय रे. मलाही कधी कधी साहेब म्हणते. काही कमी पडू देत नाही मी, बघतोयस ना तू." माझी नजर अक्कांच्या मांडीवरच्या चष्म्याकडे गेली. मी विचारलं, "भाऊ, डाळ आहे का?" त्यांना वाटलं मला भूक लागलीय. ते पान वाढायला उठले. मी म्हटलं, "शिजवलेली नको. कच्ची." त्यांनी आश्चर्याने डबा दाखवला. पुडीतली, निवडलेली, पॉलिश केलेली तूरडाळ. सोन्यासारखी. तिच्यात एक खडा असेल तर शपथ.

पुढे मी जे केलं ते कुठल्या बुद्धीने केलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी डाळ ताटात ओतली, ताट घेऊन बाहेर गेलो. शेजारी बंगल्याचं बांधकाम चालू होतं आणि वाळूचा ढीग पडला होता. त्यातले डाळीएवढे खडे वेचून मी ताटात टाकू लागलो. मूठभर टाकले असतील, तेवढ्यात फाटकातून आवाज आला.

"अरे, काय करतोयस तू?"

मी उठून उभा राहिलो. खोटं सुचलं नाही. "खडे टाकतोय, भाऊ."

"डाळीत?"

"हो, भाऊ."

सरकारी माणूस असूनही भाऊसाहेबांना यावर काय शेरा मारावा ते कळेना. मी ताट घेऊन त्यांच्याजवळून आत गेलो, खुर्चीसमोर खाली बसलो, ताट पुढे ठेवलं. अक्कांनी ताटाकडे पाहिलं. मग सावकाश खुर्चीवरून उतरून जमिनीवर आल्या, भिंतीला टेकल्या, पाय लांब केले, आणि दोरा बांधलेला चष्मा नाकावर चढवला. पहिला खडा उचलून डोळ्यांजवळ नेला.

"माय वं! हाऊ खडा शे का धोंडा?" त्या म्हणाल्या. मग दुसरा. मग तिसरा. आणि मग, खड्यांवरची नजर न काढता, "शेठाणीनी डाळ शे का ही? ती निवडस कधी? तोंडच चालस तिनं. तुनी परीक्षा व्हई गयी का रे, शिरपूर?"

भाऊसाहेब दारात उभे होते. अक्का बोलत सुटल्या. नाना अजून वेडंवाकडं कातरतो का, पुजाऱ्याचा खोकला गेला का, आणि माहेरच्या पुरात वाहून गेलेली म्हैस. म्हैसच. बैल नाही. बोलता बोलता थांबून त्यांनी मला विचारलं, "किती वाजनात?"

"आई, समोर घड्याळ आहे ना," भाऊसाहेब पटकन म्हणाले.

"भिंतले काय इचारू?" अक्का म्हणाल्या. "भिंत सांगस का, ये अक्का, बठ, च्या पेस का म्हनीसन? आठे या घरमा बठ्ठं शे रे भो, समदं शे. कोनले काही मागनंच पडत नई." त्यांनी हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. खड्याबद्दल बोलाव्या तशाच त्या बोलल्या. पण भाऊसाहेब आईजवळ जमिनीवर बसले. मग त्यांनीही ताटातून एक खडा उचलला. मी पाहिलं, तो खडा नव्हता, डाळच होती. अक्कांनी त्यांच्या हातावर चापट मारली. "कसा निवडस, ध्यान दे ना!"

ते मला एसटीपर्यंत सोडायला आले. वाटेत म्हणाले, "लोक म्हणतील, आईला सांभाळता आलं नाही म्हणून परत पाठवली." मी धीर करून त्यांना हापशीचं सांगितलं. नीट सांगता आलं नाही, मध्येच अडखळलो. पण ते खेड्यातच वाढलेले होते. म्हणाले, "तांब्याभर पाणी ओतावं लागतं वरून, हो ना?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का धुळ्याला आल्या. सणापुरत्या म्हणून आल्या आणि राहिल्या. दोन्ही वेळचं जेवण शेठाणींकडे, रात्री सोबतीला पोस्टमनची बायको, असं गल्लीने आधीच ठरवून ठेवलं होतं. भाऊसाहेब जायला निघाले तेव्हा अक्कांनी लुगड्यांच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. "ही तुन्हाकडे ठेव." पेटी धुळ्यात आणि किल्ली जळगावला! भाऊसाहेबांनी आधी समजावून पाहिलं, मग ते हसले, आणि मग किल्ली जानव्याला बांधली. तेव्हापासून दर शनिवारी ते येऊन पेटी उघडून देतात. पुढेपुढे तर सूनबाईही येऊ लागल्या, आणि कुणाची सून हा प्रश्न शेठाणी त्या दारात असतानाच ओरडून सोडवून टाकतात, "अक्का, तुमची सून आली बरं का!"

अक्का बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. विसरायच्या त्या विसरतातच. माझी परीक्षा झाली, दोंडाईच्याला मिरचीच्या वखारीत कारकुनाची नोकरी लागली, बाहेरून एम.ए.चा फॉर्म भरला. निघताना मी चष्मा परत द्यायला गेलो, तर त्यांनी हात मागे घेतले. "मी कोठे ठेवू? मना घरमा? घरमा ठेवेल वस्तू सापडस का कधी?" मी म्हटलं, अक्का, दोंडाईचा लांब आहे. त्या म्हणाल्या, "मंग काय झायं? रेल्वे शे ना तठे." अशा रीतीने अक्कांचं घर दोंडाईच्यापर्यंत वाढलं. शिंपी नाना म्हणाले, "आता डाळ कशी निवडशी?" अक्का पदर खोचून शेठाणींकडे चहाला निघाल्या.

त्याचं उत्तर मला मागच्या आठवड्यात मिळालं. धुळ्याहून मिरची बघायला आलेले एक व्यापारी वखारीत शिरले, शिंकले, आणि हातातली कापडी पिशवी पुढे करून विचारू लागले, "इथं अक्कांचा चष्मा कुणाकडे आहे?" मी उभा राहिलो. पिशवीत तूरडाळ होती, न निवडलेली. ते म्हणाले, "निवडून ठेव म्हणाल्या, परत जाताना नेतो. मी नाव विचारलं तुमचं, तर त्यांना ते सांगता येईना. कोणत्या गावचे तेही नाही, मिरचीच्या वखारीत आहात एवढंच. मग म्हणाल्या, मना चष्मा ज्याकडे शे ना, त्याले दे."

संध्याकाळी खोलीवर मी डाळ ताटात ओतली आणि भिंतीला टेकून पाय लांब केले. चष्मा घातला. त्यातून खडे धोंड्याएवढे दिसतात हे खरं आहे, पण बाकी सगळं धूसर दिसतं. माझा नंबर तो नाही, म्हणून असेल. शेजारच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहतात. मी त्यांच्याशी अजून बोललेलो नव्हतो. डाळ निवडता निवडता मी दारातून त्यांना विचारलं, "आबा, किती वाजले?"

माझ्या हातात घड्याळ होतं. त्यांनी ते पाहिलं, आणि तरीही उठून आत बघायला गेले.